जॉर्ज सायमन ओहम : एका शाळाशिक्षकाची स्थिर प्रवाहासाठीं साधना

मागील वर्षीं वार्षिक प्रदर्शनासाठीं आमच्या वर्गांतील आम्हीं पांच जणांनीं विजेचा रोध मोजण्याचें एक लहानसें यंत्र घरींच तयार केलें. प्रदर्शनांत त्याचें कौतुक झालें. त्या कौतुकाच्या भरांत असतांना आमच्यापैकीं एकाच्या वडिलांनीं निफाडकडील आपल्या द्राक्षबागेवरील पंपाची मोटार नीट चालत नाहीं असें सांगितलें. झालें! आम्ही यंत्र घेऊन बागेवर गेलों. वीज तोडून, जोडपट्ट्या काढून मोटारीच्या तिन्ही गुंडाळ्या पाळीपाळीनें तपासल्या. पहिली ठीक दिसली, दुसरी किंचित् कमी भरली व तिसरी तर पहिलीहून दहा टक्क्यांनीं कमी भरली. तिसऱ्या गुंडाळींतील कांहीं वेढे आंतल्या आंत एकमेकांस चिकटले असले पाहिजेत, असा निर्णय आम्हीं मोठ्या ऐटीनें दिला. त्या भल्या गृहस्थांनीं मुलांच्या शब्दावर विश्वास ठेवला व मोटार काढून रिवायंडिंगसाठीं नाशकास आणली.

दुकानांतील कारागीर अनुभवी होता. जुनी तार कापण्यापूर्वीं त्यानें आपल्या खात्रीच्या मीटरनें तिन्ही गुंडाळ्या मोजल्या. तिघींचा रोध तंतोतंत सारखा होता. मोटार निर्दोष होती. बिघाड पुढें पेटींतील एका सैल जोडांत निघाला. परंतु या धांवपळींत बागेची पाण्याची एक पाळी बुडाली, आणि तीहि मणी फुगण्याच्या ऐन दिवसांत. मित्राच्या वडिलांनीं आम्हांस एक शब्दहि बोलून दाखविला नाहीं. पण त्यांचें तें न बोलणेंच आम्हांस फार लागलें.

चूक कोठें झाली हें शोधण्यास वेळ लागला नाहीं. आमच्या यंत्रांत कोरड्या घटांतून १०० मिलिअँपिअर प्रवाह गुंडाळींत सोडावयाचा व तिच्या दोन टोकांतील विद्युद्दाब मोजावयाचा, अशी योजना होती. प्रवाह १०० च आहे हें आम्हीं गृहीत धरलें होतें. पहिली गुंडाळी मोजतांना घट ताजा होता. तिसरी मोजीपर्यंत तो थकून गेला होता. प्रवाह दहा टक्क्यांनीं उतरला, तेव्हां दाबहि तितकाच उतरला, आणि आम्हीं घटाचा दोष गुंडाळीच्या माथीं मारला.

आमच्या विज्ञानशिक्षकांनीं आम्हांस रागें भरण्याऐवजीं एक चरित्र वाचावयास दिलें. आमच्याच जातीची चूक सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं एका शाळाशिक्षकानें केली होती. एवढेंच नव्हे, तर ती त्यानें छापूनहि टाकली होती. त्या शिक्षकाचें नांव आज जगांतील प्रत्येक विज्ञानविद्यार्थ्याच्या तोंडीं आहे. तें चरित्र आम्हांस जसें समजलें तसें वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजीं जर्मनींतील एर्लांगेन या गांवीं झाला. त्यांचे वडील योहान वोल्फगांग हे कुलुपें घडविणारे कारागीर होते व आई मारिया एलिझाबेथ ही एका शिंप्याची कन्या होती. सात अपत्यांपैकीं तिघेंच जगलीं : जॉर्ज, धाकटा भाऊ मार्टिन व एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचे असतांच मातेचें छत्र हरपलें. वडिलांस स्वतःला शाळेंत फारसें शिकावयास मिळालें नव्हतें. परंतु त्यांनीं आपल्या आपण अभ्यास करून गणित, पदार्थविज्ञान व तत्त्वज्ञान या विषयांत इतकी गति मिळविली होती कीं, मुलांस ते घरींच शिकवूं शकत. कानस व हातोडी चालविणाऱ्या त्या हातांनीं मुलांस दोन विद्या दिल्या : एक गणिताची व दुसरी धातूकामाची. या दोन विद्यांची गांठ पुढें कशी पडली, हेंच ओहम यांच्या चरित्राचें सार आहे. एर्लांगेन विद्यापीठांतील प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनीं या दोघां भावांची परीक्षा घेतली, तेव्हां त्यांना गणितांतील विख्यात बर्नूली बंधूंची आठवण झाली. पुढें धाकटा मार्टिनहि नांवाजलेला गणिती झाला.

१८०५ सालीं जॉर्ज एर्लांगेन विद्यापीठांत दाखल झाले. आम्हां विद्यार्थ्यांस त्यांच्याविषयीं आपुलकी वाटावी अशी गोष्ट येथें घडली. अभ्यासापेक्षां नृत्य, बिलियर्ड व बर्फावरील घसरगुंडीचे खेळ यांतच त्यांचा वेळ जाऊं लागला. ज्या वडिलांना स्वतःला अशी संधि कधीं मिळाली नव्हती, त्यांना हें सहन होईना. तीन सत्रांनंतर जॉर्ज यांस विद्यापीठ सोडावें लागलें व १८०६ मध्यें ते स्वित्झर्लंडांतील एका शाळेंत गणित शिकविण्यासाठीं गेले. तेथें व नंतर नोशातेल येथें खासगी शिकवण्या करीत त्यांनीं ऑयलर, लाप्लास व लाक्रवा यांचे ग्रंथ एकांतांत अभ्यासिले. १८११ सालीं ते एर्लांगेनला परतले व त्याच वर्षीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली.

पदवी मिळाली, पण दैन्य संपलें नाहीं. विद्यापीठांतील त्यांच्या जागेस नांवापुरतेंच वेतन होतें. १८१३ मध्यें बांबेर्ग येथील एका सामान्य शाळेंत त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. तीन वर्षांनीं ती शाळाच बंद पडली व त्यांस त्याच गांवच्या दुसऱ्या, मुलांनीं खचाखच भरलेल्या शाळेंत धाडण्यांत आलें. या उबगवाण्या दिवसांतहि त्यांनीं भूमितीवर एक पुस्तक लिहून १८१७ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं कोलोन येथील जेझुइट विद्यालयांत गणित व पदार्थविज्ञान या विषयांच्या शिक्षकाची जागा त्यांना मिळाली. पुढल्याच वर्षीं, म्हणजे १८१८ त, पेशवाईचा अस्त होऊन आमचें नाशिक इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. वाचकांस काळाची कल्पना यावी म्हणून हा उल्लेख केला.

कोलोनच्या विद्यालयांत एक चांगली प्रयोगशाळा होती. ओहम यांचें वय त्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचें होतें. दिवसाचा बराच भाग शिकविण्यांत जाई. उरलेल्या वेळांत ते प्रयोगशाळेंत बसत, आणि जें उपकरण मिळत नसे तें आपल्या हातांनीं तयार करीत. वडिलांच्या दुकानांत शिकलेलें धातूकाम येथें कामीं आलें.

त्या काळीं विजेचें ज्ञान कोवळ्या अवस्थेंत होतें. व्होल्टानें १८०० मध्यें आपला विद्युत् घट जाहीर केला होता. १८२० मध्यें डेन्मार्कांतील अर्स्टेड यास असें आढळलें कीं, तारेंतून प्रवाह वाहूं लागतांच जवळची चुंबकसूचि आपली दिशा बदलते. म्हणजे प्रवाह कमी कीं अधिक, हें सूचीच्या हालचालीवरून पाहण्याचें साधन हातीं आलें. परंतु कोणत्या तारेंतून किती प्रवाह वाहील, हें सांगणारा नियम कोणासच ठाऊक नव्हता. व्होल्ट, अँपिअर हीं मापें तर दूरच राहोत, प्रवाह, दाब व रोध या तीन कल्पनाहि एकमेकींपासून स्पष्टपणें वेगळ्या झाल्या नव्हत्या. ओहम यांनीं नेमका हाच प्रश्न हातीं घेतला : तार लांब केली असतां विजेचें बळ किती घटतें?

प्रश्न साधा दिसतो. परंतु साधन दगा देत होतें. त्या वेळच्या घटांत तांबें व जस्त यांचे पत्रे आम्लमिश्रित पाण्यांत बुडविलेले असत. मंडल जोडतांच प्रवाहाचा एकदम लोंढा येई व तो लागलीच ओसरूं लागे. याचें कारण असें कीं, तांब्याच्या पत्र्यावर हायड्रोजन वायूचे बुडबुडे जमून ते प्रवाहास अडथळा करितात व त्याच्या उलट दिशेनें दाबहि उत्पन्न करितात. मंडल थोडा वेळ उघडें ठेविलें कीं घट पुनः ताजातवाना होई. तेव्हां पहिली तार मोजतांना असलेला घट दुसरी तार मोजतांना तोच राहत नसे. ज्या गजानें कापड मोजावयाचें तो गजच मोजतां मोजतां आखडूं लागला, तर मापाचा भरंवसा तो काय!

ओहम यांस ही अडचण ठाऊक नव्हती असें नाहीं. प्रत्येक मोजणीच्या जोडीस ते एक ठराविक तार मोजून दुरुस्ती करीत. तरीहि ती दुरुस्ती पुरी पडली नाहीं. १८२५ सालीं त्यांनीं आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला व त्यांत तारेची लांबी आणि बळाचा क्षय यांचें नातें लघुगणकाच्या साह्यानें मांडलें. तो नियम चुकीचा होता. निर्णय छापण्याची घाई झाली होती. घटाची चंचलता त्यांनीं तारेच्या हिशेबांत धरली होती. आम्हीं निफाडच्या बागेंत केलें तें याहून वेगळें काय होतें? फरक इतकाच कीं, आमची फजिती चारचौघांत राहिली व ओहम यांची सर्व युरोपांतील विद्वानांपुढें मांडली गेली.

परंतु येथूनच त्यांच्या थोरवीस आरंभ होतो. चुकीचें समर्थन करीत न बसतां त्यांनीं चुकीच्या मुळाशीं हात घातला. प्रसिद्ध शास्त्रीय मासिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनीं त्यांस सुचविलें कीं, रासायनिक घट सोडून उष्णतेनें चालणारा विद्युत्स्रोत वापरून पाहावा. १८२१ मध्यें झेबेक यानें असें दाखविलें होतें कीं, दोन निरनिराळ्या धातूंचीं टोकें दोन्ही बाजूंस एकमेकांस जोडलीं व एक सांधा तापविला आणि दुसरा थंड ठेविला, तर त्या मंडलांतून विजेचा प्रवाह वाहूं लागतो. या प्रवाहाचें बळ दोन सांध्यांच्या उष्णतामानांतील अंतरावर अवलंबून असतें. तें अंतर स्थिर ठेविलें कीं बळहि स्थिर राहतें. आणि उष्णतामान स्थिर ठेवण्याच्या दोन सोप्या युक्त्या निसर्गानेंच देऊन ठेविल्या आहेत : उकळतें पाणी आणि वितळतें बर्फ. चूल कितीहि पेटविली तरी उकळत्या पाण्याचें उष्णतामान वर चढत नाहीं, आणि बर्फाचा शेवटचा खडा विरघळेपर्यंत त्या पाण्याचें उष्णतामान शून्यावरून हलत नाहीं.

ओहम यांनीं बिस्मथ धातूची एक पट्टी वांकवून तिच्या दोन टोकांस तांब्याच्या पट्ट्या घट्ट बसविल्या. एक सांधा उकळत्या पाण्याच्या पात्रांत व दुसरा बर्फाच्या पात्रांत ठेविला. या विद्युत्स्रोतास एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा पाळीपाळीनें जोडावयाच्या होत्या. त्यांची लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ व १३० इंच होती. प्रवाह मोजण्यासाठीं एक चुंबकसूचि सोन्याच्या बारीक चपट्या तारेनें टांगली होती. प्रवाहामुळें सूचि फिरली कीं वरच्या बाजूनें ती सोन्याची तार पिळून सूचीस पुनः मूळ जागीं आणावयाचें. जितका पीळ द्यावा लागला, तितकें प्रवाहाचें बळ. सूचि जागेवर आली कीं नाहीं हें ते भिंगांतून पाहत.

१८२६ च्या जानेवारी महिन्यांत हे प्रयोग झाले. एका दिवसाचे तीन आंकडे आम्ही येथें देतों, कारण वाचकांस स्वतः पडताळा घेतां येईल. २ इंच तारेस ३२६.७५ भाग पीळ द्यावा लागला, १८ इंच तारेस १९०.७५ व १३० इंच तारेस ४८.५. आतां प्रत्येक लांबींत २०.२५ मिळवावे व बेरजेस त्या त्या पिळानें गुणावें. पहिला गुणाकार सुमारें ७२७०, दुसरा ७२९६ व तिसरा ७२८७ येतो. तिन्ही जवळजवळ सारखेच! म्हणजे प्रवाह हा एका स्थिर संख्येस मंडलाच्या एकूण रोधानें भागून मिळतो. एकूण रोधांत बाहेरच्या तारेची लांबी ही एक बाब, आणि स्वतः उपकरणाचा रोध, जो त्या तारेच्या २०.२५ इंचांइतका होता, ही दुसरी बाब. एवढ्यावर न थांबतां ओहम यांनीं उकळत्या पाण्याऐवजीं साध्या खोलीच्या उष्णतामानावर प्रयोग पुनः केला. भागावयाची स्थिर संख्या लहान झाली, परंतु २०.२५ ही संख्या तशीच राहिली. यावरून त्या दोन संख्यांपैकीं कोणती दाबाची व कोणती रोधाची, हें स्पष्ट झालें. आज पाठ्यपुस्तकांत एका ओळींत बसणारा ओहमचा नियम असा बर्फ, उकळतें पाणी आणि सोन्याची एक तार यांतून जन्मास आला.

१८२६ मध्येंच अर्ध्या पगाराची रजा घेऊन ते बर्लिन येथें गेले व पुढील वर्षीं विद्युन्मंडलाचें गणितशास्त्र मांडणारा त्यांचा ग्रंथ तेथें प्रसिद्ध झाला. उष्णता धातूंतून कशी वाहते याविषयीं फ्रान्समधील फूरिये यांनीं जें गणित रचलें होतें, त्याच धर्तीवर ओहम यांनीं विजेचें गणित रचलें. या ग्रंथामुळें एखाद्या विद्यापीठांत आपणांस जागा मिळेल अशी त्यांस आशा होती. ती फोल ठरली. अनेकांस तें गणित रुचलें नाहीं, कित्येकांस समजलें नाहीं, आणि बर्लिनच्या पोल नांवाच्या विद्वानानें तर कडक टीका केली. निराश होऊन १८२८ मध्यें ओहम यांनीं कोलोनच्या जागेचा राजीनामा दिला. त्यानंतर कित्येक वर्षें विजेच्या नियमाचा हा जनक बर्लिन येथें लष्करी शाळांतून गणिताचे तास घेऊन कसाबसा चरितार्थ चालवीत होता.

परंतु नियम खरा होता, व खऱ्यास साक्षीदार मिळतातच. लाइप्झिग येथें फेख्नर यांनीं पुष्कळ प्रयोग करून १८३१ मध्यें त्यास पुष्टि दिली. १८३३ सालीं न्यूरेंबर्ग येथील तंत्रविद्यालयांत ओहम यांस प्राध्यापकाची जागा मिळाली व १८३९ मध्यें ते तेथील प्रमुख झाले. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस कॉप्ले पदक अर्पण केलें. पुढील वर्षीं त्यांस आपले परदेशी सभासदहि करून घेतलें. घरच्यांनीं उपेक्षिलेल्या माणसाचा परक्यांनीं असा गौरव केला. ध्वनिशास्त्रांतहि त्यांनीं १८४३ मध्यें महत्त्वाचा विचार मांडला : मिश्र ध्वनि हा अनेक शुद्ध स्वरांचा समुच्चय आहे व कान त्यांचें पृथक्करण करितो. १८४९ मध्यें त्यांस म्यूनिक येथें बोलावण्यांत आलें, आणि १८५२ मध्यें तेथील विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचें प्राध्यापकपद त्यांस मिळालें. तारुण्यापासून ज्या पदाची आस धरली तें पद त्रेसष्टाव्या वर्षीं हातीं आलें. त्याचा लाभ त्यांस दोनच वर्षें घेतां आला. ६ जुलै १८५४ रोजीं म्यूनिक येथें त्यांचें देहावसान झालें. ते जन्मभर अविवाहित राहिले.

त्यांच्या पश्चात् त्यांचें नांव मात्र अधिकाधिक मोठें होत गेलें. देशोदेशीं तारायंत्राच्या तारा पसरूं लागल्या व शेंकडों मैल लांब तारेंत बिघाड कोठें झाला हें रोध मोजून ओळखण्याची गरज पडूं लागली. १८६१ मध्यें क्लार्क व ब्राइट या दोन इंग्रज तारायंत्रज्ञांनीं विजेच्या मापांस थोर शास्त्रज्ञांचीं नांवें द्यावीं असें सुचविलें, आणि १८८१ मध्यें पॅरिस येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेनें रोधाच्या मापास ओहम हें नांव दिलें. १८९३ मध्यें शिकागो येथील परिषदेनें हें माप पाऱ्याच्या १०६.३ सेंटिमीटर उंच स्तंभावरून ठरविलें. त्याच सुमारास वेस्टन यांनीं असा एक प्रमाण घट तयार केला कीं, ज्याचा दाब सुमारें १.०१८ व्होल्टवर वर्षानुवर्षें स्थिर राही. १९८० मध्यें जर्मन शास्त्रज्ञ फॉन क्लिट्सिंग यांस असें आढळलें कीं, अतिशीत स्थितींत व प्रखर चुंबकक्षेत्रांत कांहीं पदार्थांचा रोध निसर्गानेंच ठरविलेल्या पायऱ्यांवर येऊन थांबतो. त्यांतील मूळ संख्या सुमारें २५,८१२.८०७ ओहम आहे. बर्फ व उकळत्या पाण्यापासून निघालेली स्थिरतेची वाट अशी अणूच्या अंतरंगापर्यंत पोंचली.

चरित्र वाचून झाल्यावर आम्हीं आपलें यंत्र पुनः पुढें ओढलें. प्रथम ओहम यांचाच प्रयोग करून पाहावा असें ठरलें. बिस्मथ मिळणें कठीण, म्हणून तांबें व कॉन्स्टंटन यांच्या तारा घेतल्या. बर्फ बाजारांतून आणलें. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच असल्यामुळें येथें पाणी १०० वर नव्हे, तर सुमारें ९८ अंशांवर उकळतें. तरीहि जोपर्यंत पाणी उकळत होतें व बर्फ वितळत होतें, तोपर्यंत मीटरवर सुमारें ४ मिलिव्होल्टांचा आंकडा जागचा हलला नाहीं. स्थिर या शब्दाचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं डोळ्यांनीं दिसला.

मग विचार केला तेव्हां एक भेद ध्यानीं आला. ओहम यांनीं दाब स्थिर ठेवून प्रवाह मोजला. आम्हांस प्रवाह स्थिर ठेवून दाब मोजावयाचा होता. तीन राशींपैकीं एक अचल धरल्यावांचून उरलेल्या दोहोंचें नातें उलगडत नाहीं, हें तत्त्व दोहोंकडे एकच. परंतु प्रवाह अचल ठेवणारें साधन निसर्गांत आयतें मिळत नाहीं. त्यासाठीं पहारेकरी नेमावा लागतो. नव्या यंत्रांत आम्हीं तीन अंगें योजिलीं. पहिलें अंग प्रमाण दाबाचें : टीएल ४३१ नांवाचा लहानसा घटक सुमारें २.५ व्होल्ट दाब स्थिर ठेवितो. तो विभागून आम्हीं ०.५ व्होल्ट घेतला. दुसरें अंग साक्षीदार रोधाचें : मोजावयाच्या गुंडाळींतून जाणारा प्रवाह पुढें ५ ओहमच्या रोधांतून जातो. प्रवाह बरोबर १०० मिलिअँपिअर असेल तर या रोधावर बरोबर ०.५ व्होल्ट दाब पडतो. तिसरें अंग पहारेकऱ्याचें : एलएम ३५८ हा ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर त्या दोन दाबांची अखंड तुलना करितो व साक्षीदाराचा दाब किंचित् कमी होतांच मॉसफेटचें दार थोडें अधिक उघडतो, वाढतांच थोडें मिटतो. मॉसफेटच घेण्याचें कारण असें कीं, साध्या ट्रान्झिस्टरच्या बेसमधून जाणारा अल्प प्रवाह साक्षीदारांतून जातो, पण गुंडाळींतून जात नाहीं. मॉसफेटच्या गेटमध्यें असा प्रवाह शिरत नाहीं.

साक्षीदार रोध स्वतः तापला तर तोच खोटी साक्ष देईल. म्हणून १० ओहमचे दोन चांगले मेटल फिल्म रोध समांतर जोडले. प्रत्येकांत अवघी ०.०२५ वॅट उष्णता निघते, म्हणून ते थंडच राहतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन प्रवेशांत कांहीं मिलिव्होल्टांचा उपजत फरक असतो, ०.५ व्होल्टांत तो एक टक्क्याच्या आसपास भरतो. म्हणून भरंवशाचा मीटर लावून प्रवाह एकदां १०० वर नेमका बसवून घेतला. गुंडाळीस प्रवाह नेणाऱ्या तारा वेगळ्या व दाब मोजणाऱ्या तारा वेगळ्या ठेविल्या, कारण जोडतारांचाच रोध दशांश-दोन दशांश ओहम असतो व तो मापांत मिसळतां कामा नये. मोटारीच्या गुंडाळींतील प्रवाह अकस्मात् तोडला असतां तिच्यांतून दाबाचा मोठा झटका उठतो. त्याच्या निवारणार्थ एक डायोड आडवा लावला. तांब्याचा रोध दर अंशास सुमारें ०.३९ टक्के वाढतो, म्हणून तिन्ही गुंडाळ्या मोटार पूर्ण थंड असतांनाच मोजाव्या, हा नियमहि यंत्राच्या पेटीवर लिहून ठेविला.

नंतर परीक्षा घेतली. पुरवठ्याचा दाब १२ व्होल्टांवरून ९ व्होल्टांवर आणला. प्रवाहाचा आंकडा हलला नाहीं. अर्धा तास यंत्र चालूं ठेविलें. तरीहि हलला नाहीं. मग आम्ही पुनः निफाडच्या बागेवर गेलों. मित्राच्या वडिलांनीं हंसून परवानगी दिली. परंतु या खेपेस त्यांनीं मोटार खोलूं दिली ती सुटीच्या दिवशीं व पाण्याची पाळी आटोपल्यावर! तिन्ही गुंडाळ्या मोजल्या, मग उलट क्रमानें पुनः मोजल्या. सर्व आंकडे एकमेकांशीं जुळले. आम्हीं या वेळीं निर्णय दिला नाहीं. आंकड्यांचा कागद त्यांच्या हातीं ठेवला व मागील खेपेबद्दल त्यांची क्षमा मागितली.

आमच्याच सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत विजेचीं मोठीं स्विचें तयार होतात. अशा स्विचाच्या दोन स्पर्शबिंदूंमधील रोध तपासण्याची रीतहि हीच : १०० अँपिअरसारखा मोठा पण स्थिर प्रवाह त्यांतून सोडावयाचा व मिलिव्होल्टांतील दाब मोजावयाचा. ५ मिलिव्होल्ट दाब आला तर रोध एका ओहमच्या दशलक्ष भागांपैकीं पन्नास भाग. कोलोनच्या विद्यालयांतील त्या बर्फाच्या पात्राचा वंशविस्तार असा आमच्या गांवापर्यंत येऊन पोंचला आहे.

ओहम यांच्या चरित्रावरून बुद्धिमत्ता, चिकाटी इत्यादि गुणांचे धडे पुष्कळ घेतां येतील. आम्ही मात्र एकच धडा घेतला आहे, कारण त्याची किंमत दुसऱ्याच्या बागेनें भरली. समोरच्या वस्तूंत दोष दिसला तर प्रथम आपल्या हातांतील माप तपासून पाहावें. ओहम यांचा १८२५ चा निबंध व १८२६ चा निबंध यांच्यामध्यें अंतर आहे तें एवढेंच. परंतु पहिला आज फारसा कोणी स्मरत नाहीं, आणि दुसऱ्यावर जगांतील सारी विद्युत्विद्या उभी आहे.